जुना पोकलेन घेताना "चेन 60 टक्के आहे" म्हणजे नक्की काय समजायचं?

माळरान
नमस्कार मंडळी. माण तालुक्यात माझी टायरवाली जेसीबी चालतात. शेततळी, पाइपलाइनचे चर, घरांचे पाये अशी कामं. आता नाला खोलीकरण, गाळ, विहिरी यांची विचारणा वाढलीय आणि तिथं टायरवाल्याचा हात पुरत नाही. म्हणून 20 टनी पोकलेन (चेनवर चालणारं खोदाई मशीन) बघतोय, जुनाच. एक मनात भरलाय.

इंजिन, हायड्रॉलिक, बूमचे बुश हे मला कळतं. अडलंय ते खालच्या भागात, म्हणजे अंडरकॅरेजमध्ये. मालक म्हणतो, "चेन 60 टक्के आहे, डोळे झाकून न्या." एजंट म्हणतो 70. हे टक्के कोण मोजतं? कशानं मोजतात? आणि चेन बदलायची वेळ आली तर नुसती चेन बदलून भागतं की सगळा सेट घ्यावा लागतो? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

दगडफोड्या
डोळे झाकून न्या म्हणाला ना? मग बॅटरी घेऊन मशीनखाली झोपा.

खडीक्रशर
पहिला प्रश्न त्याला हा विचारा, 60 टक्के राहिलीय की 60 टक्के गेलीय? विकणारा "राहिली" या अर्थानं सांगतो, फिटर "गेली" या अर्थानं लिहितो. आमच्याकडे यावरून सौदा होऊन गेल्यावर भांडणं झालेली आहेत. एजंटचे 70 म्हणजे त्याच्या दलालीचे.

निवृत्त_फिटर
टक्के अंदाजानं सांगायची गोष्ट नाही, मोजायची आहे. प्रत्येक भागाचं नवीन असतानाचं माप आणि तो बदलायची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. नव्या मापातून आजचं माप वजा करायचं, त्याला नवं आणि मर्यादा यांतल्या फरकानं भागायचं. जे येईल ते झिजलेलं. चेनचं पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) उलट वाढत जातं, पण हिशेब तोच.

आता "चेन" म्हणून एक आकडा सांगणं मुळातच चूक. खाली वेगवेगळे भाग आहेत आणि प्रत्येकाची झीज वेगळी:

चेनची लिंक वरून झिजते, कारण बॉटम रोलर, म्हणजे मशीनचं वजन पेलणारी खालची चाकं, तिच्यावरून फिरतात. बुश, म्हणजे पिनवरची नळी, बाहेरून झिजतो, कारण स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) दात त्याच्यावर बसतो. पिन आणि बुशचं आतलं अंग एकमेकांवर झिजतं, त्यामुळे पिच वाढतं. यालाच आपण चेन वाढली म्हणतो. लोखंड ताणलं जात नाही, सांध्यातली जागा वाढते. रोलरचा व्यास कमी होतो. आयडलरच्या (दुसऱ्या टोकाच्या बिनदाती चाकाच्या) दोन्ही बाजूंचा पट्टा खाली जातो आणि मधला कंगोरा उंच दिसायला लागतो. चेनवर बोल्टनं बसवलेल्या, जमिनीला टेकणाऱ्या प्लेटच्या दांड्या घासून बसक्या होतात.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं माप पिचचं. 20 टनी मशीनला बहुतेक ठिकाणी 190 मिमीचं पिच असतं. एका लिंकवर मोजू नका, सलग चार पिच मोजून चारानं भागा. मोजताना चेन ताणलेली हवी. वरच्या बाजूला स्प्रॉकेटच्या दातात एक जुनी पिन किंवा लाकडाचा ठोकळा अडकवून मशीन जराशी रिव्हर्स घ्यायची, की वरची पट्टी ताठ होते. मग इंजिन बंद, ऑपरेटर खाली, आणि पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत टेप. मास्टर पिनजवळ, म्हणजे चेन जिथं उघडतात-जोडतात तिथं, मोजू नका.

चहाबिस्कीट
फिटरकाका, हे वाचून माझ्या गुडघ्यांचं अंडरकॅरेज आठवलं. सांध्यातली जागा वाढलीय, आवाज येतो, आणि डॉक्टर म्हणतात चालणं कमी करा.

निवृत्त_फिटर
@चहाबिस्कीट, डॉक्टर बरोबर सांगतात. पोकलेनलाही हेच लागू.

ग्रीसगन
मी ऑपरेटर आहे. आधी ब्रेकरवर होतो, आता रस्त्याच्या कामावर. काकांनी मोजमाप सांगितलं, मी नजरेचं सांगतो.

मशीन एकदा बऱ्यापैकी चालवायला लावा, अर्धा तास तरी. मग बंद करून प्रत्येक रोलरजवळ हाताची पाठ न्या, चिकटवू नका. तापमान मोजायची लेझर गन मिळाली तर उत्तम. सगळे सारखे कोमट पाहिजेत. एखादा जास्त तापलेला असेल तर त्यातलं तेल गेलंय. एखादा थंडगार असेल तर तो फिरतच नाही, चेन त्याच्यावरून घासत जातेय आणि तो एका बाजूनं सपाट झालाय.

रोलरच्या कडेला ओला काळा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ म्हणजे फ्लोटिंग सील गेलेलं. विकायच्या आधी खालून काळा रंग मारलेला असेल तर ते डाग दिसत नाहीत. म्हणून रंग ताजा असेल तर आधी चालवा, मग बघा.

मशीन सरळ जाताना मागून बघा. चेन सापासारखी वळवळत असेल तर पिन-बुश झिजलेत समजा.

वऱ्हाडी_ठेका
भाऊ, दोन्ही बाजूच्या प्लेटा मोजा. खडूनं एका प्लेटवर खूण करा अन् गोल फिरवून मोजा. डावीकडे 45 अन् उजवीकडे 44 निघाल्या तर समजून जा की चेन वाढली म्हणून एक लिंक कापून परत जोडलीय. आमच्या इकडे हा जुगाड लय चालते. चेन दिसायला टाइट होते पण पिच तर वाढलेलंच राहते, स्प्रॉकेट खात राहते.

अन् आयडलर किती पुढे आलाय ते पाहा. ॲडजस्टर (ग्रीसच्या दाबानं आयडलर पुढे ढकलतो तो) शेवटापर्यंत बाहेर आला असेल तर आता ग्रीस मारायला जागाच नाही.

माळरान
वा! हे प्लेटा मोजायचं कधीच सुचलं नसतं. लिहून घेतलं. टाइटवरून विचारतो, आमच्याकडचे एक ऑपरेटर म्हणतात चेन कायम कडक ठेवायची, सैल ठेवली की उतरते. खरं का?

खडीक्रशर
खाणीत तरी खरं. आमच्याकडे सगळा काळा पाषाण. फोडलेल्या दगडावर मशीन वाकडीतिकडी उभी असते. सैल चेन असली की एखादा दगड आत गेला की उतरलीच. रात्रपाळीत उतरलेली चेन चढवणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. मी कडकच ठेवायला सांगतो.

वऱ्हाडी_ठेका
खडीक्रशर भाऊ, तुमचा दगड वेगळा, आमची काळी माती वेगळी. पावसाळ्याच्या तोंडावर नाल्यात काम करताना ओली माती स्प्रॉकेट अन् चेनच्या मध्ये ठासून बसते. जागाच उरत नाही, चेन आपोआप कडक होत जाते. सकाळी कडक करून दिली अन् दुपारपर्यंत माती भरली, तर आयडलर अन् फायनल ड्राइव्हची (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरबॉक्सची) बेरिंग किती सोसतील? आम्ही चिखलात सैलच ठेवतो. चेन जागेवर धरणारे ट्रॅक गार्ड पण मधले काढून टाकतो, माती निघून जायला जागा पाहिजे.

खडीक्रशर
गार्ड काढता? आमच्याकडे गार्ड काढला तर मालकच काढून टाकेल.

निवृत्त_फिटर
दोघेही आपापल्या जमिनीवर बरोबर आहात, फक्त "कडक" म्हणजे किती हे कुणी सांगत नाही. बूम आडवा घेऊन बकेटच्या टेकूवर एक बाजू उचलायची, ती चेन थोडी पुढे-मागे फिरवायची, मग खाली लोंबणारी झोळ मोजायची. ट्रॅक फ्रेमच्या तळापासून प्लेटच्या वरच्या अंगापर्यंत. 20 टनी मशीनला बऱ्याच मॉडेलमध्ये हे माप 300 ते 340 मिमीच्या दरम्यान येतं. काही कंपन्या वेगळ्या पद्धतीनं मोजतात, आयडलर आणि टॉप रोलरच्या (वरची चेन पेलणाऱ्या चाकाच्या) वर सरळ फळी ठेवून मधला फरक बघतात, तिथं 10 ते 30 मिमी असं काहीसं असतं. आपल्या मशीनचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा, दोन पद्धतींचे आकडे एकमेकांत मिसळू नका.

खडकावर त्या मर्यादेतलं कडक टोक धरा, चिखलात सैल टोक. आणि वऱ्हाडी भाऊंनी म्हटलं तो मुद्दा फार मोलाचा. चेन धुऊन स्वच्छ करून ताण लावू नका. ज्या जमिनीत काम चालू आहे ती माती आत भरलेली असतानाच तपासा. धुतलेल्या मशीनवर बरोबर लावलेला ताण शेतात गेल्यावर जास्त होतो.

कडक चेनचं नुकसान दिसत नाही म्हणून लोक ती कडक ठेवतात. सैल चेन लगेच उतरून दाखवते. कडक चेन पिन-बुश, स्प्रॉकेट, आयडलर सगळं गुपचूप खाते, डिझेलही जास्त पितं मशीन.

ग्रीसगन
ताणाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नव्या हेल्परांसाठी. चेन सैल करायचा वाल्व असतो ना, त्याच्या समोर तोंड आणून उघडू नका. बाजूला उभं राहायचं आणि हळूहळू, एका आट्याच्या आतच. आत ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. पूर्ण आटे सोडले तर वाल्वच गोळीसारखा बाहेर येतो. ग्रीस आलं नाही तर मशीन थोडी पुढे-मागे घ्या, अजून आटे सोडू नका.

माझ्या ओळखीतल्या एका पोराच्या बोटात अशी ग्रीसची धार गेली होती. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण. त्यानं पट्टी बांधून काम चालू ठेवलं. नंतर बोट वाचवायला ऑपरेशन करावं लागलं.

डॉक्टरकी_सोडलेला
ग्रीसगन यांच्या प्रतिसादाला ठळक अक्षरात +1. दाबाखालचं ग्रीस किंवा तेल कातडीच्या आत गेलं तर ती तातडीची शस्त्रक्रियेची केस असते. सुरुवातीला दुखतही नाही फारसं, तिथंच माणूस फसतो. जखम कितीही लहान दिसली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि "दाबानं ग्रीस आत गेलंय" हे शब्द सांगा.

निवृत्त_फिटर
आणि ॲडजस्टरमागची ती जाड स्प्रिंग गावातल्या गॅरेजात उघडू नका. ती दाबून बसवलेली असते. साखळदंड बांधून बोल्ट सोडणारे बघितलेत मी. त्याला प्रेस लागतो, जुगाड नाही.

शहरी_बाबू
अज्ञानातून प्रश्न: याला रबराचे पट्टे का नाही बसवत? आमच्या गल्लीत गटाराच्या कामाला आलेल्या छोट्या मशीनला होते. रस्ताही खराब होत नव्हता.

दगडफोड्या
ते बाळ आहे. हे 20 टन आहे. डबरावर रबर एका हंगामात फाटेल.

हिशेबवाली
आमच्या घरचा धंदा आहे, मशीनवर भाऊ बघतात आणि वही माझ्याकडे. त्यामुळे मी पैशाच्या बाजूनं लिहिते.

पोकलेनच्या आयुष्यभराच्या दुरुस्तीखर्चात सगळ्यात मोठा वाटा खालच्या भागाचा असतो. इंजिन बिघडलं की सगळे धावतात, चेन मात्र रोज थोडी थोडी जाते म्हणून तिचा खर्च कुणी धरत नाही. मी प्रत्येक तासाच्या भाड्यातून चेनसाठी ठरावीक रक्कम वेगळी काढते. अवर मीटरवर जितके तास, तितके पैसे. सेट बदलायची वेळ आली की कर्ज काढायला लागत नाही. खडकातल्या कामाला ही रक्कम जास्त धरायची, शेततळ्याच्या मुरमाला कमी. भाडं ठरवतानाही हाच फरक लावायचा. लोक सगळीकडे एकच दर लावतात आणि मग म्हणतात खाणीत परवडलं नाही.

माळरानदादा, तुम्ही विकत घेताना मशीनच्या किमतीतून चेनची किंमत वजा करूनच बोला. चेन 60 असो की 40, तुमच्या खात्यावर ती किती महिन्यांत बदलावी लागेल एवढंच महत्त्वाचं.

ग्रीसगन
ताई, वहीत अजून एक रकाना घाला, "ट्रेलर". मालक ट्रेलरचे पैसे वाचवायला सांगतात, "चार किलोमीटर तर आहे, चालवत ने." पोकलेन खणायचं यंत्र आहे, चालायचं नाही. सलग चालवलं की रोलरमधलं तेल तापतं, सील मऊ पडतं. आणि मग ओरडा ऑपरेटरला, "तू चेन खाल्लीस."

खडीक्रशर
ऑपरेटरही काही धुतल्या तांदळाचे नसतात. जागच्या जागी गरागरा वळवायची हौस कुणाची? एक चेन पुढे, एक मागे, आणि मध्ये दगड. मोबाईलवर व्हिडिओ काढायला भारी दिसतं.

ग्रीसगन
ते मान्य. आमच्यातलेही काही जण खेळणंच समजतात. थोडं थोडं करत तीन-चार टप्प्यांत वळलं की चेनला बाजूचा ताण येत नाही. रिव्हर्समध्ये लांब अंतर नको, बुश जास्त झिजतो. आणि खणताना स्प्रॉकेट मागे ठेवायचं, आयडलर पुढे. बकेटचे दात फायनल ड्राइव्हच्या बाजूनं लावून ओढलं की सगळा जोर मोटरवर येतो. हे शिकवतं कोण आम्हाला? हेल्परचा ऑपरेटर होतो तो बघून बघून.

डिचोलीकार
गोव्यातून लिहितो. आमच्याकडची गोष्ट उलटी. मशीन चालवून नाही, उभी ठेवून खराब झाली. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मग थोडा काळ चालू, पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर मार्चपासून बंद पडल्या. खाणींवर लागलेली माणसं आणि यंत्रं जाग्यावर थांबली. डिचोली, सत्तरी, सांगे या भागात मशीनं झाडीत उभी राहिली. आमचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चेनचे सांधे गंजून जाम झाले, एक लिंक दुसरीवर वाकेना. स्प्रॉकेटवर चढताना कोपरा करून चढायची. त्यातली बरीच पुढे घाटावर स्वस्तात विकली गेली.

त्यामुळे माळरान, मशीन कुठून आलंय ते विचारा. तास कमी आणि भाव कमी असेल तर ते मधे किती वर्षं उभं होतं हेही विचारा. आणि स्वतःचं मशीन पावसाळ्यात उभं ठेवणार असाल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढे-मागे चालवत जा. माती धुऊन, उंच कोरड्या जागेवर, फळ्यांवर.

मस्कतचा_पांडू
ओमानमधून हजेरी. इथं वाळू आणि दगड दोन्ही. वाळू सीलच्या कडेला पीठ करत राहते. चिखल दिसतो तरी, वाळू दिसतही नाही. इथं आम्ही अरुंद प्लेट वापरतो. भारतातून आलेले मालक रुंद प्लेट मागतात, दिसायला मजबूत वाटते म्हणून. कठीण जमिनीवर रुंद प्लेट म्हणजे वळताना पिन-बुशवर जास्त पीळ. मशीन रुतत नाही इतकीच रुंदी पुरे.

वऱ्हाडी_ठेका
@पांडू, आमच्याकडे रुंद लागते, नाहीतर मशीन काळ्या मातीत पोटावर बसते अन् मग दुसरी मशीन आणा काढायला. पण मुद्दा पटला. खाणीवर दिली की प्लेट बदला, असं कोणी करत नाही.

अन् गाळाच्या कामाचं एक राहिलं. पाणी टॉप रोलरच्या मध्याच्या वर जाऊ देऊ नका. बाहेर काढल्यावर फायनल ड्राइव्हचं तेल पाहा. दुधाळ दिसलं तर सील गेलं, तेल बदलून नुसतं गप्प बसू नका.

माळरान
मंडळी, काल जाऊन आलो. टेप, खडू, तापमानाची गन (जावयाकडून उसनी आणली) आणि बरोबर एक फिटर.

सापडलं ते असं. चार पिच 768 आलं, दोन-तीन ठिकाणी मोजून. प्लेटा डावीकडे 45, उजवीकडे 44! मालकाला विचारलं तर म्हणाला, "कंपनीकडूनच तशी आली." आयडलर डावीकडे बराच पुढे. रोलर सगळे फिरतात, उजवीकडचा तिसरा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम. फायनल ड्राइव्ह कोरडे, तेल साफ. स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत पण फार नाहीत. खालून रंग ताजा, ते ग्रीसगननी सांगितलंच होतं.

खडीक्रशर
कंपनीकडूनच तशी आली!! हा हा हा. म्हणजे कारखान्यात एका बाजूला लोखंड संपलं होतं.

निवृत्त_फिटर
768 भागिले 4 म्हणजे 192. नवं 190 धरलं आणि मर्यादा 193 धरली (मी ज्या मशीनवर काम केलं त्यांत नव्यापेक्षा साधारण 3 मिमी जास्त असायची, तुमच्या मॉडेलची बघून घ्या) तर 3 पैकी 2 मिमी गेले. म्हणजे सुमारे 67 टक्के झीज, राहिली 33. मालकाचे 60 हे "गेले" या अर्थानं धरले तर माणूस जवळपास खरं बोलतोय.

आता पुढचा भाग ऐका. राहिलेले 33 टक्के पहिल्या 33 टक्क्यांइतके टिकत नाहीत. बुश, लिंक, रोलर यांच्या वरचा थर कडक केलेला असतो, आत लोखंड मऊ. तो थर संपला की झीज धावते. त्यात उजवी चेन कापलेली आहे. माझ्या मते ही चेन सध्या चालेल, पण तिच्यासाठी पैसे मोजू नका.

मूळ प्रश्नाचं दुसरं अंग राहिलं होतं, नुसती चेन की सेट. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर कधीच नाही. वाढलेल्या पिचनं दात खाल्लेले असतात, ते नव्या बुशला लगेच खातात. चेन आणि स्प्रॉकेट एकत्र, दोन्ही बाजूंना. रोलर आणि आयडलर मोजून बघा, मर्यादेत असतील तर राहू द्या, गरम झालेला तेवढा आत्ताच बदला. डोझरला पिन-बुश उलटवून आयुष्य वाढवतात, पोकलेनला तो खर्च सहसा परवडत नाही.

हिशेबवाली
मग दादा, दोन्ही चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि एक रोलर यांचं कोटेशन दोन ठिकाणांहून घ्या, एक कंपनीचं, एक बर्को किंवा आयटीएमसारख्या नावाजलेल्या मेकचं. ते कागद मालकासमोर ठेवा. तोंडी घासाघीस करू नका.

दगडफोड्या
बाजारात त्याच नावाचा शिक्का मारलेला नकली मालही मिळतो, बिल घेतल्याशिवाय नको.

माळरान
कोटेशन मागवली. मालकाला फोन केला, 44 प्लेटांचं पुन्हा काढलं. आता म्हणतोय, "बसून बोलू." रविवारी जातोय. रोलरचा खर्च तो द्यायला तयार आहे, चेनचा अर्धा मागणार आहे. एक विचारायचं राहिलं, नवी चेन बसवली की प्लेटचे बोल्ट जुनेच चालतील का? फिटर म्हणतो चालतात.

निवृत्त_फिटर
नाही. बोल्ट-नट नवे घ्या. आधी ठरलेला टॉर्क आणि मग ठरलेला कोन, दोन्ही मॅन्युअलप्रमाणे. नुसतं गनवर कडकड केलं तर काही ढिले राहतात, प्लेट हलते, लिंकची भोकं लांबट होतात आणि ती लिंक गेली. पहिल्या काही तासांनंतर सगळे पुन्हा तपासा.

चहाबिस्कीट
रविवारचं काय झालं ते इथंच लिहा. मला पोकलेन घ्यायचा नाही, पण त्या 44 प्लेटवाल्याचं पुढचं उत्तर ऐकायचंय.